क्यूजीआयएस आणि मुंबईसमोरचा समुद्र: पवनप्रकल्पासाठी जागा शोधणाऱ्या एका साधनाचे परीक्षण

क्यूजीआयएस हे नकाशाविश्लेषणाचे मोफत सॉफ्टवेअर मी काही वर्षांपासून वर्गात वापरत आले आहे. परंतु त्याचा खरा कस लागला तो यंदा, तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर मुंबईसमोरच्या समुद्रात पवनचक्क्यांसाठी योग्य जागा शोधण्याचा प्रकल्प हाती घेतला तेव्हा. मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते, त्यामुळे हे परीक्षण एखाद्या ऊर्जा कंपनीतील अभियंत्याच्या नव्हे, तर मर्यादित साधनांनी काम करणाऱ्या शिक्षिकेच्या नजरेतून लिहिलेले आहे. सॉफ्टवेअरबरोबरच त्यात भरलेल्या माहितीबद्दलही लिहिणे मला भाग आहे, कारण रिकामे सॉफ्टवेअर म्हणजे नुसती चूल. तिच्यावर काय शिजणार हे शिध्यावर ठरते.

प्रकल्पाचे निमित्त एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे होते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सागरी पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यानंतरच्या अभ्यासांत गुजरात आणि तमिळनाडू या दोन राज्यांसमोर प्रत्येकी आठ क्षेत्रे निवडली गेली, आणि जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची जी तूटभरपाई योजना मंजूर केली, तीही याच दोन किनाऱ्यांवरच्या प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी. हे सर्व वर्गात सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून विचारणा झाली, की मग आपल्या समोरच्या समुद्राने काय घोडे मारले आहे? उत्तर तोंडी देण्यापेक्षा नकाशावर शोधावे असे ठरले.

किंमत आणि स्थापना यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प आज विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, परवान्यासाठी एक रुपयाही लागत नाही, आणि आमच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांनीही तो निमूटपणे चालवला. नव्याने वापरणाऱ्यांनी सर्वांत नवी आवृत्ती न घेता दीर्घकालीन आधार असलेली आवृत्ती घ्यावी, एवढीच सूचना पुरे. ज्या सशुल्क सॉफ्टवेअरचा परवाना आमच्या विभागाला परवडत नाही, त्याच्याशी तुलना करण्याचा मोह मी आवरते. या कामासाठी लागणारी प्रत्येक क्रिया येथे उपलब्ध होती, हे मात्र नोंदवते.

आता शिध्याकडे वळते. वाऱ्यासाठी आम्ही डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाने जागतिक बँकेच्या साहाय्याने तयार केलेला ‘ग्लोबल विंड ॲटलास’ वापरला. त्यात १० ते २०० मीटर अशा पाच उंचींवरचा सरासरी वारा मिळतो, आणि किनाऱ्यापासून २०० किलोमीटरपर्यंतचा समुद्र त्यात येतो. देशाचे नाव निवडले की फाइल उतरते आणि क्यूजीआयएसमध्ये ओढून टाकली की दोन क्षणांत रंगीत नकाशा समोर येतो. येथेच पहिली सावधगिरी हवी. या नकाशाचा प्रत्येक चौकोन २५० मीटरचा आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की वरळीसमोरच्या एका चौकोनातला वारा शेजारच्या चौकोनापेक्षा वेगळा मोजला गेला आहे. वस्तुतः मूळ हवामान-प्रारूप तीन किलोमीटरच्या जाळीवर चालवलेले असते, आणि त्यापुढची बारीक विभागणी डोंगर, झाडी, इमारती यांचा परिणाम धरण्यासाठी असते. समुद्रावर ना डोंगर ना झाडी. तेव्हा खोल समुद्रात तो बारीकपणा बहुतांशी दिसण्यापुरता उरतो. सॉफ्टवेअर हे सांगत नाही, आणि सांगणारही नाही, कारण त्याच्या दृष्टीने सारे चौकोन सारखेच.

खोलीसाठी ‘जेब्को’ या जगभरच्या समुद्रतळाचे नकाशे करणाऱ्या उपक्रमाची जाळी घेतली. हा उपक्रम १९०३ मध्ये मोनॅकोचे राजे पहिले अल्बर्ट यांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि आज त्याची जाळी १५ कोनीय सेकंदांची, म्हणजे मुंबईच्या अक्षांशावर साधारण साडेचारशे मीटरची आहे. हव्या त्या चौकटीपुरतीच माहिती उतरवता येते, ही सोय आमच्या महाविद्यालयाच्या इंटरनेटसाठी वरदान ठरली. या संचाबरोबर आणखी एक जाळी मिळते, जिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही: प्रत्येक चौकोनातली खोली जहाजावरून मोजलेली आहे, उपग्रहाच्या गुरुत्वमापनावरून अंदाजलेली आहे, की आजूबाजूच्या आकड्यांवरून भरून काढलेली आहे, हे ती सांकेतिक अंकांनी सांगते. ती जाळी खोलीच्या नकाशावर अर्धपारदर्शक करून अंथरल्यावर वर्गात शांतता पसरली. सलग निळ्या उतारासारखा दिसणारा समुद्रतळ प्रत्यक्षात मोजलेल्या पट्ट्यांचा आणि त्यांमधल्या अंदाजांचा गोधडीसारखा जोड होता. क्यूजीआयएसची ही थर-पारदर्शकता मामुली सोय वाटते. मला मात्र ती या साधनाची सर्वांत मोठी शैक्षणिक देणगी वाटते.

खोलीबाबत आणखी एक गोष्ट मुंबईकरांनी ध्यानात घ्यावी. आपल्याकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरांच्या घरात जातो. जेब्कोची खोली ढोबळमानाने सरासरी समुद्रपातळीपासून धरलेली असते, तर नौकानयनाच्या नकाशांवरची खोली ओहोटीच्या नीचतम पातळीपासून मोजतात. दोन्ही थर एकत्र वापरायचे असतील तर हा फरक आपणच वजा करावा लागतो. पन्नास मीटर खोलीवर तो किरकोळ ठरेल. दहा मीटरांवर नाही.

वाऱ्याच्या नकाशाने विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर लगेच दिले. सौराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर आणि त्याहून कितीतरी अधिक तमिळनाडूच्या दक्षिण टोकाशी जो गडद रंग दिसतो, तो आपल्याकडे दिसत नाही. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे एकदा लक्षात आले की रंगातला तो फरक किती महाग पडतो ते कळते: सेकंदाला ६ मीटर वेगाच्या वाऱ्यात जितकी ऊर्जा असते, तिच्या जवळजवळ २.४ पट ऊर्जा ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात असते. शिवाय सरासरी हा आकडाच मुळी आपल्या समुद्राला लागू करताना फसवा आहे. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे. त्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचे चार महिने स्वार होतात आणि वर्षाची बरीचशी कमाई त्या चार महिन्यांतच करून देतात. म्हणजे ज्या दिवसांत बोटी बंदरात बांधलेल्या असतात आणि दुरुस्तीचे पथक टर्बाइनपर्यंत पोहोचणे सर्वांत कठीण असते, त्याच दिवसांत यंत्रे सर्वाधिक फिरणार. हे पाहण्यासाठी आम्ही युरोपीय हवामान केंद्राची ‘एरा-५’ ही तासागणिक माहिती घेतली. तिची जाळी पाव अंशाची, म्हणजे फारच भरड आहे. पण क्यूजीआयएसच्या ३.१४ या आवृत्तीपासून आलेल्या कालनियंत्रकात ती टाकली की मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंतचा वारा डोळ्यांसमोर चालत जातो. स्थिर नकाशा दहा वेळा समजावून जे पटले नसते ते त्या दोन मिनिटांत पटले.

माझी स्वतःची चूकही येथे सांगितली पाहिजे. गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या, म्हणजे प्रक्षेपणाच्या, यूटीएम पद्धतीत जग उभ्या पट्ट्यांत विभागलेले असते. मुंबई ज्या पट्ट्यात येते तो ४३ उत्तर, असे पाठ असल्याने मी सारे थर त्याच प्रक्षेपणात बदलून घेतले. हा पट्टा ७२ पूर्व रेखांशापाशी सुरू होतो, आणि तो रेखांश कुलाब्यापासून पश्चिमेला जेमतेम ८५ किलोमीटरवर आहे. त्यापलीकडचा समुद्र, ज्यात मुंबई हाय या तेलक्षेत्राचा मोठा भाग येतो, तो ४२व्या पट्ट्यातला. प्रक्षेपण पट्ट्याबाहेर ताणले तर सॉफ्टवेअर अडवत नाही. अंतर आणि क्षेत्रफळ मात्र हळूहळू बिघडू लागते. शेवटी आम्ही क्षेत्रफळ कायम राखणारे, आमच्याच चौकटीच्या मध्यावर बेतलेले प्रक्षेपण तयार केले. क्यूजीआयएसमध्ये ते चार ओळींत करता येते. एका विद्यार्थ्याने मात्र अक्षांश-रेखांशांतल्याच थराला पाच किलोमीटरऐवजी पाच अंशांचे वलय काढले, आणि साडेपाचशे किलोमीटरांच्या त्या वलयाने अख्खे कोकण गिळून टाकले. अंतर अंशांत मोजले जात असल्याचा पिवळा इशारा चौकटीत दिसत होता. तो आम्हा दोघांनाही दिसला नाही. वेगवेगळ्या प्रक्षेपणांतले थर क्यूजीआयएस पडद्यावर आपोआप एकमेकांवर बसवून दाखवते, ही सोय जितकी सुखाची तितकीच घातक आहे, कारण डोळ्यांना सारे जुळलेले दिसते आणि हिशेब मात्र मूळच्या न जुळणाऱ्या आकड्यांवर चालतो.

त्यानंतरचे काम वजाबाकीचे होते, आणि माझ्या मते या साधनाचे खरे सामर्थ्य तेथेच आहे. मुंबईसमोरचा भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत रुंद, सुमारे तीनशे किलोमीटरचा आहे, त्यामुळे तळात रोवलेल्या खांबांवर उभारता येणाऱ्या टर्बाइनांसाठीची साधारण ५० ते ६० मीटरची खोली किनाऱ्यापासून खूप दूरपर्यंत मिळते. खोलीचा नकाशा पाहून विद्यार्थी हरखले होते. मग आम्ही एकेक थर वजा करू लागलो. १९७४ मध्ये सापडलेले मुंबई हाय तेलक्षेत्र आणि त्याच्या आसपासची इतर क्षेत्रे वजा; आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याप्रमाणे समुद्रातल्या प्रत्येक तेलफलाटाभोवती ठेवता येणारे ५०० मीटरचे सुरक्षावलय वजा; तेथून उरणकडे येणाऱ्या तेलाच्या आणि वायूच्या नळ्या वजा; वर्सोव्यासारख्या ठिकाणी जमिनीवर चढणाऱ्या दूरसंचाराच्या समुद्री केबल वजा; मुंबई आणि जवाहरलाल नेहरू या दोन बंदरांकडे येणारे जहाजांचे मार्ग वजा. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला २०२४ च्या जूनमध्ये मंजुरी मिळालेली असल्याने तिकडचे मार्ग आजच्या जहाजवाहतुकीच्या नकाशात उमटत नाहीत. ते आम्ही अंदाजाने हाताने काढले आणि तसे नमूद केले. प्रत्येक वजाबाकीनंतर नकाशावर भोके पडत गेली. नकाशा काय उरवतो यापेक्षा काय खोडतो हे जास्त विश्वासार्ह असते, असे माझे मत या कामात पक्के झाले: नळी जेथे आहे तेथे ती आहे, त्यात मतभेदाला जागा नाही.

पण वजाबाकीही आपण जे थर देतो तेवढीच होते. पहिल्या फेरीनंतर दक्षिणेकडे, विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, खोल पाण्याने वेढलेला एक हिरवागार ठिपका उरला. भोवतालच्या खोल पाण्यात अचानक वीस-पंचवीस मीटर खोली, जहाजांची गर्दी नाही, किनाऱ्यावरून दिसणार नाही, नळ्या नाहीत, केबल नाहीत. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने ही जणू लॉटरीच होती. तो आंग्रिया बँक होता. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेले हे बुडलेले पठार म्हणजे आपल्या राज्यासमोरची मोलाची प्रवाळसृष्टी. ते उथळ आहे म्हणून तेथे प्रवाळ आहेत, आणि ते उथळ आहे म्हणूनच आमच्या गणिताने ते खांब रोवण्यासाठी निवडले. आम्ही वगळणीत १९८७ मध्ये घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य घेतले होते, किनाऱ्यालगतची पाणथळ क्षेत्रे घेतली होती, पण भर समुद्रातल्या अधिवासांचा थर घेतलाच नव्हता. दोष क्यूजीआयएसचा नाही. तरीही ज्याला कोकणचा इतिहास किंवा सागरी जीवशास्त्र ठाऊक नाही, अशा कोणी हैदराबादेत किंवा हॅम्बुर्गमध्ये बसून हाच हिशेब केला असता, तर तो हिरवा ठिपका अहवालात तसाच छापला गेला असता.

मासेमारीचा थर हा याहून अवघड प्रकार निघाला. जहाजांच्या स्वयंचलित ओळखयंत्रणेच्या संदेशांवरून तयार केलेले मासेमारीचे जागतिक नकाशे मोफत मिळतात, आणि ते क्यूजीआयएसमध्ये सहज उघडतात. त्यांत आपल्या किनाऱ्यालगतचा पट्टा बराचसा रिकामा दिसतो. ज्याने सातपाटी, वर्सोवा किंवा कुलाब्याच्या ससून डॉकवर एक पहाट काढली आहे त्याला तो रिकामेपणा हास्यास्पद वाटेल. लहान होड्यांवर ती यंत्रणा नसते, एवढेच त्याचे कारण. बोंबिलांसाठी समुद्रतळाशी बांधून ठेवलेली डोल जाळी तर होडीसारखी हलतही नाही; ती कोणत्याच उपग्रहाला काही सांगत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा म्हणून मान दिला, पण पापलेट कोठे मिळते हा थर माझ्या फोल्डरमध्ये नव्हता. आम्ही ए-एक आकाराच्या कागदावर नकाशा छापून घेतला, तो दोन कोळीवाड्यांत नेला आणि पेन्सिल पुढे केली. त्यांनी काढलेल्या रेषा परत येऊन संगणकावर गिरवल्या. अचूकतेच्या दृष्टीने त्या ढोबळ आहेत, कारण नकाशावरची त्यांची जागा किनाऱ्यावरच्या खुणांवरून आणि खोलीच्या वावांवरून सांगितली गेली. पण जेथे उपग्रहाचा थर कोरा होता नेमक्या तेथेच त्या दाट आहेत. एका नाखव्यांनी नकाशा उलटा धरला होता, समुद्र वर आणि जमीन खाली. त्यांच्या दृष्टीने तो सुलटाच होता, आणि क्यूजीआयएसमध्ये नकाशा फिरवण्याची सोय आहे हे मला त्या दिवशी आठवले.

उरलेल्या क्षेत्राची प्रतवारी लावताना मात्र या साधनाबद्दल माझे मत सावध होते. रूढ पद्धत अशी, की वारा, खोली, किनाऱ्यापासूनचे अंतर, बंदर आणि वीजजोडणी यांसारख्या प्रत्येक घटकाला गुण द्यायचे, घटकांना आपसांत भारांक द्यायचे आणि रास्टर गणकात, म्हणजे नकाशाच्या चौकोनागणिक आकडेमोड करणाऱ्या साधनात, बेरीज करायची. भारांक ठरवण्यासाठी थॉमस साटी यांची जोडीजोडीने तुलना करण्याची पद्धत वापरतात: प्रत्येक दोन घटकांत कोणता किती महत्त्वाचा ते १ ते ९ या मापाने सांगायचे आणि उत्तरांतली विसंगती ०.१ च्या आत आहे ना ते तपासायचे. गणित चोख आहे. परंतु विसंगती कमी असणे म्हणजे मत बरोबर असणे नव्हे. एखादा माणूस पूर्ण सुसंगतपणे चुकीचा असू शकतो. आम्ही वर्गाचे तीन गट केले. एका गटाने वाऱ्याला झुकते माप दिले, दुसऱ्याने केबलच्या खर्चाला, तिसऱ्याने मासेमारी आणि पर्यावरणाला. तिघांची विसंगती मर्यादेत होती आणि तिघांचे नकाशे वेगळे होते: पहिल्याचा हिरवा पट्टा उत्तरेला खंबातच्या आखाताच्या दिशेने सरकला, दुसऱ्याचा किनाऱ्याला चिकटला, तिसऱ्याचा तुकड्यातुकड्यांत विखुरला. तिघांच्याही नकाशात समान उरलेला भाग लहान होता. आम्ही अहवालात तेवढाच दाखवला. कोणत्याही एका नकाशाला अंतिम म्हणण्याचे धाडस मला झाले नाही, आणि सॉफ्टवेअरच्या रंगांच्या झळाळीमुळे ते धाडस इतरांना सहज होते, हीच माझी या पद्धतीबद्दलची मुख्य तक्रार आहे.

रास्टर गणकाबाबत एक तांत्रिक नोंद करते: वाऱ्याची २५० मीटरची, खोलीची साडेचारशे मीटरची आणि हवामानाची पाव अंशाची जाळी एकाच सूत्रात घातली तर तो त्या निमूटपणे जुळवून घेतो आणि भरड आकडा बारीक चौकोनांत पसरवतो. तेव्हा आधी सर्व थर हाताने एकाच जाळीवर आणून घ्यावेत, आणि तेही सर्वांत भरड थराला शोभेल अशाच. क्रियांची साखळी आकृतीच्या रूपात साठवून पुन्हा चालवता येणारा प्रारूपकार मात्र प्रत्येकाने शिकून घ्यावा असा आहे. आंग्रिया बँकेचा प्रमाद उमगल्यावर एक थर वाढवून संपूर्ण हिशेब नव्याने करायला आम्हाला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. देवनागरीतली गावांची नावे छापील नकाशावर नीट उमटली, जोडाक्षरे मोडली नाहीत. मराठीतून नकाशे करणाऱ्यांना ही बाब किती मोठी आहे हे वेगळे सांगायला नको.

ज्यांना प्रत्यक्ष प्रकल्प उभारायचा आहे त्यांचे काम यावर भागणार नाही. त्यांना जागेवरचे वाऱ्याचे मोजमाप हवे, जसे चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने खंबातच्या आखातात २०१७ मध्ये लायडार (लेझरने वारा मोजणारे यंत्र) बसवून केले. तळातील चिखल किती खोल आहे हे सांगणारी भूछिद्रे हवीत. जून २०२० मधल्या निसर्गसारख्या आणि पुढच्याच मे महिन्यातल्या तौक्तेसारख्या चक्रीवादळांत लाटा किती उठतात याचा हिशेब हवा. मोठ्या समुद्रातून मोजमापाचे यंत्र कोठे ठेवावे एवढे ठरवण्यापुरता हा नकाशा उपयोगी, आणि तेवढ्यासाठी तो उत्तम. महाविद्यालये, पत्रकार, मच्छीमार संस्था आणि हरकती-सूचना लिहिणारे नागरिक यांनी तर हे साधन जरूर हाताशी ठेवावे, कारण समोरच्या पक्षाने दिलेला नकाशा उघडून त्यातले थर सुटे करून पाहण्याची ताकद ते फुकटात देते.

स्थापनेला आम्हाला एक तास लागला, माहिती गोळा करायला काही आठवडे, आणि सर्वांत जास्त वेळ गेला तो भारांकांवरच्या वादात. क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक थराच्या गुणधर्मांत मेटाडेटाची, म्हणजे त्या माहितीबद्दलच्या माहितीची, एक चौकट असते, जी बहुतेक लोक कोरी सोडतात. आमच्या अंतिम थराच्या त्या चौकटीत आता तिन्ही गटांचे भारांक, ते ठरवल्याची तारीख, कोळीवाड्यांत काढलेल्या रेषांबद्दलची टीप, आणि हाताने काढलेले वाढवणचे मार्ग ही सारी नोंद आहे; फाइल मागायला येणाऱ्याला मी आधी ती चौकट उघडून वाचायला लावते आणि मगच पेनड्राइव्ह घेते.